सहा मिलिलिटरचा हिशेब

संध्याकाळी सहानंतर माण-हिंजवडी रस्त्यावर गाडी चालत नाही, सरकते. तिसऱ्या फेजमधल्या कंपन्या सुटलेल्या असतात, मेगापोलिसच्या चौकात बसगाड्या वळत असतात आणि मधल्या फटीतून दुचाकीवाले वाट काढत असतात. दहा फूट पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा दहा फूट. या प्रत्येक दहा फुटांसाठी डावा पाय एकदा खाली जातो, एकदा वर येतो. सवयीने पायाला त्याचं भानही राहत नाही. आणि एखाद्या दिवशी पेडल खाली नेताना पायाला काही लागतच नाही. नेहमीचा भरीव विरोध गायब. पेडल मऊ, लिबलिबीत, जवळपास जमिनीला टेकेपर्यंत पोकळ. पहिला गिअर अडखळत पडतो आणि रिव्हर्स टाकायला जावं तर गिअरबॉक्स कर्रकन ओरडतो.

रिव्हर्स सगळ्यात आधी ओरडतो, यालाही कारण आहे. पुढच्या गिअरांमध्ये दात एकमेकांत शिरण्याआधी दोन्हीकडचा वेग जुळवून घेणारी सिंक्रोमेशची कडी असते. बऱ्याच गाड्यांच्या रिव्हर्सला ती नसते. क्लच पूर्ण सुटला नाही, तर इंजिन गिअरबॉक्सला थोडंथोडं फिरवत राहतं. पुढचे गिअर ते पोटात घालतात, रिव्हर्स घालत नाही.

आता पायाखाली नेमकं काय असतं ते पाहू. मारुती ८०० मध्ये पेडल आणि क्लच यांच्यामध्ये एक केबल होती. ओढली की क्लच सुटायचा, तुटली की गाडी उभी. हायड्रॉलिक क्लचमध्ये तिथे द्रव असतो. पेडलला जोडलेला वरचा सिलिंडर म्हणजे मास्टर, गिअरबॉक्सपाशी खालचा सिलिंडर म्हणजे स्लेव्ह, आणि दोघांना जोडणारी पेन्सिलीहून बारीक नळी. तुमचा पाय आणि क्लच प्लेट यांच्यात ना तार, ना साखळी. फक्त बंद केलेला थोडासा द्रव.

थोडासा म्हणजे किती? गाडीगणिक आकडे बदलतात, पण साधारण मापं धरून एक हिशेब मांडता येतो. पेडल १५ सेंटिमीटर खाली जातं. पेडलच्या तरफेमुळे वरच्या सिलिंडरचा दट्ट्या त्याच्या एक पंचमांश, म्हणजे ३ सेंटिमीटर सरकतो. सिलिंडरच्या बोअरचं क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका दाबात पुढे ढकलला जाणारा द्रव झाला ६ मिलिलिटर. चहाच्या चमच्याहून जरासा जास्त.

या चमचाभर द्रवावर काय लादलेलं आहे तेही बघा. पायाने १० किलोचा जोर दिला. तरफेने तो ५० किलो केला. २ चौरस सेंटिमीटरवर ५० किलो, म्हणजे द्रवातला दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दहापटीहून जास्त. खालच्या सिलिंडरचा दट्ट्या ३ चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तो ७५ किलोने पुढे येतो. क्लचचा फोर्क त्याचे १५० करतो. पुढे प्रेशर प्लेटमधल्या डायफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्या याही तरफाच. तिथवर पोचेपर्यंत आकडा पाचशेच्या घरात जातो. पुण्यात कुणीतरी डावा पाय आळसाने हलवतो आणि बॉनेटखाली पाचशे किलोची पकड सुटते. फुकट मात्र काही मिळत नाही. पेडल १५ सेंटिमीटर गेलं तेव्हा प्रेशर प्लेट उचलली गेली जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. जोर पन्नासपट वाढवायचा, तर अंतर तितक्याच पटीने गमवावं लागतं.

बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कलने सांगितलं. त्याच्या ग्रंथात दोन तोंडांचं पाण्याने भरलेलं भांडं आहे. एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठं, दोन्हींत घट्ट बसणारे दट्टे. लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावेल, तर तो मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांच्या जोराची बरोबरी करेल, असा त्याचा दावा. हा ग्रंथ पॅरिसला छापून निघाला तो पास्कलच्या मृत्यूनंतर, १६६३ साली. त्याच साली इकडे पुण्यात लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं छाटली गेली. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण तारखा शेजारी ठेवल्या की पेडलखालचं हे ज्ञान किती जुनं आहे ते कळतं.

म्हणजे सगळं या ६ मिलिलिटरवर अवलंबून आहे. पेडल मऊ पडलं, याचा अर्थ एवढाच की वरून निघालेला सगळा द्रव खाली कामाला पोचत नाही. तो कुठेतरी गळतो, किंवा मागे फिरतो, किंवा त्याची जागा हवेने घेतलेली असते, किंवा नळीच फुगून त्याला पोटात घेते. चांगला मेकॅनिक हेच शोधत असतो, भले तो मिलिलिटर हा शब्द आयुष्यात उच्चारत नसेल.

यांतली सगळ्यात नवलाची गोष्ट हवा. द्रव दाबला जात नाही असं आपण शाळेत शिकतो. खरं तर तोही दाबला जातो, पण अगदी नगण्य. वरच्या दाबाखाली तो हजारात एखाद्या भागाने आकसतो. आख्ख्या नळीत आणि दोन्ही सिलिंडरांत मिळून ३०-३५ मिलिलिटर द्रव असला, तरी आकसण्यात जातो तो एका थेंबाहूनही कमी. आता त्याच नळीत २ मिलिलिटरचा हवेचा बुडबुडा अडकला असं धरा. दाब पंचवीसपटीने वाढला की बुडबुडा आकसून ०.०८ मिलिलिटर होतो. १.९ मिलिलिटरहून जास्त जागा रिकामी झाली आणि ती भरण्यात पेडलची जवळजवळ एक तृतीयांश चाल खर्ची पडली. पाय खाली जातोय, द्रवही सरकतोय, पण सरकतोय तो बुडबुड्याला चिरडायला. प्लेट मात्र जागच्या जागीच. मधे पकडणारा क्लच मग जमिनीलगत पकडू लागतो, आणि बुडबुडा आणखी थोडा वाढला की सुटायचाच बंद होतो. अर्धा चमचाही नसलेली हवा टनभराची गाडी भर चौकात उभी करते!

माणहून घोटावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमधली बरीच गॅरेजेस आहेत. त्यातल्या एका ठिकाणी मऊ पेडलची गाडी आली, तेव्हा तिथल्या वस्तादांनी बॉनेट आधी उघडलंच नाही. पहिल्यांदा ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट ओढून बाहेर काढला. दुमडलेला मॅट पेडलखाली गेला की पेडल पूर्ण खाली जात नाही, गिअर अडकतो आणि गिऱ्हाईक क्लच प्लेटचे पैसे मोजायला तयार होऊन येतं. त्यात वस्तादांना पाहायचं होतं ते मॅटच्या खालीही. वरच्या सिलिंडरचं मागचं सील गेलं तर द्रव पेडलच्या दांड्यावरून ओघळत आत, पायापाशी येतो. त्यांनी हात आत घालून दांड्यावर बोट फिरवलं. कोरडं होतं.

मग त्यांनी पेडल दाबलं, दोन निरनिराळ्या तऱ्हांनी. एकदा भसकन, खालपर्यंत. मग सोडून पुन्हा, अगदी सावकाश, पाय नुसता टेकवल्यासारखा. भसकन दाबलं तर पेडलला जोर लागत होता. सावकाश दाबलं तर ते काहीच विरोध न करता खाली बसलं. "कप गेलाय साहेब, वरचा," वस्ताद म्हणाले. बॉनेट अजून बंदच होतं.

हे निदान कसं झालं, त्याची गोष्ट थेट १७९५ सालात जाते. त्या साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व पास्कलचं, पण यंत्र चालवताना अडचण भलतीच आली. दाब वाढला की द्रव दट्ट्याच्या कडेने निसटायचा. सील घट्ट आवळावं तर दट्ट्या हलेना, सैल सोडावं तर गळती. उपाय निघाला तो चामड्याच्या कपाचा, आणि त्याचं श्रेय सहसा ब्रामाच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लेला दिलं जातं. कपाची ओठासारखी कड दाबाच्या बाजूला वळलेली. द्रवाचा दाब वाढला की तोच दाब त्या कडेला भिंतीवर चेपतो. जितका दाब जास्त, तितकं सील घट्ट. दाब गेला की दट्ट्या मोकळा. गळतीला कारण होणारी गोष्टच गळती थांबवायला लावली. हायड्रॉलिकच्या इतिहासात मला याहून हुशार कल्पना ठाऊक नाही.

तुमच्या क्लचच्या वरच्या सिलिंडरमध्ये आजही तोच कप आहे, फक्त चामड्याऐवजी रबराचा. आणि म्हणूनच ती दोन तऱ्हांची परीक्षा चालते. झिजलेला कपही भसकन आलेल्या दाबाने भिंतीवर चेपला जातो आणि निभावून नेतो. सावकाश दाबलं की सुरुवातीला दाब कमी, कड भिंतीला नीट टेकत नाही आणि द्रव तिच्यावरून गुपचूप मागे फिरतो. बाहेर एक थेंब दिसत नाही, टाकीतली पातळी तसूभर हलत नाही, कारण द्रव घरातल्या घरातच फिरतोय. पातळी जागेवर आहे म्हणून क्लचचं हायड्रॉलिक ठीक, असं समजणारे इथेच फसतात.

पंप मारल्यावर पेडल वर येतं, तेव्हाही काय होतं ते पाहण्यासारखं आहे. पेडल झटकन परत येताना मागच्या बाजूचा द्रव कपाच्या कडेवरून पुढे येतो, कारण त्या दिशेला ती कड अडवत नाही. खालचा दट्ट्या पूर्ण मागे यायच्या आत दुसरा दाब दिला तर आधीच्या द्रवात नव्याची भर पडते. ट्रॅफिकमध्ये दोन-तीनदा पंप मारून गिअर पडतो तो असा. घरापर्यंत पोचायला ही युक्ती चांगली, पण आठवडाभर त्यावर गाडी ढकलणाऱ्यांना मी शहाणे म्हणणार नाही. पंप मारून वर आलेलं पेडल पायाखाली तसंच टिकलं आणि नुसतं स्प्रिंगसारखं लागलं, तर संशय हवेचा. वर येऊन दाबून धरल्यावर हळूहळू बसू लागलं, तर संशय कपाचा. ही परीक्षा करताना इंजिन चालू, पहिला गिअर, ब्रेकवर पाय आणि गाडीसमोर कुणीही उभं नाही, एवढं पाळायचं. कप मागे द्रव सोडत असेल तर अर्ध्या मिनिटात गाडी ब्रेकखाली ओढ घेऊ लागते.

बाहेरची गळती त्या मानाने सोपी. ती ओल सोडते. दांड्यापाशी, खालच्या सिलिंडरच्या रबरी बुटात किंवा नळीच्या सांध्यावर. बूट वर सरकवला आणि आतून द्रव आला, तर आणखी काही तपासायची गरज नसते. नव्या गाड्यांत नळी पुष्कळदा प्लास्टिकची आणि सांधे क्लिपचे असतात; तिथली बारीक रबरी रिंग कडक झाली की ती द्रव सोडते आणि हवाही आत घेते. नळीचा रबरी तुकडा जुना होऊन दाबाखाली फुगतो आणि एखाददुसरा मिलिलिटर पोटात घेतो, असंही होतं. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने नळीवर हात ठेवायचा. फुगारा बोटांना कळतो.

गळतीवरून एक रचना सांगायलाच हवी. बऱ्याच गाड्यांत क्लचला वेगळी टाकी नसते, ब्रेकच्याच टाकीतून एक नळी क्लचकडे जाते. त्या टाकीकडे नीट पाहिलंत तर क्लचची नळी टाकीच्या तळातून नव्हे, जरा वरून निघालेली दिसेल. क्लचकडून कितीही गळलं तरी पातळी त्या तोंडापर्यंतच खाली येते; त्याखालचा सगळा द्रव ब्रेकसाठी राखीव. क्लच आधी मरतो, ब्रेक शाबूत राहतात. गाडी हलली नाही तरी चालेल, थांबली मात्र पाहिजे, हा विचार कुण्या डिझायनरने त्या तोंडाच्या उंचीत घालून ठेवला आहे. उलट बाजूही आहे. ब्रेक पॅड झिजत जातात तशी पातळी खाली येते, आणि ती फार उतरली की चढावर, वळणावर क्लचच्या तोंडात हवा जाऊ शकते. दोष क्लचमध्ये नसतोच. गाडी मात्र क्लचच्या तक्रारीसाठी गॅरेजला येते.

गॅरेजमध्ये या द्रवाला ब्रेक ऑइल म्हणतात, पण त्यात इंजिन ऑइलचा थोडासा अंश गेला तरी सगळी रबरं फुगून निकामी होतात. ग्लायकॉल जातीचा हा द्रव पाण्याचा हावरा आहे. रबरी नळीतून, टाकीच्या झाकणातून हवेतला ओलावा तो वर्षभर ओढत राहतो, आणि मुळशीच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नसतो. डॉट ३ दर्जाचा कोरा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं, ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. तासभर हाफ क्लचवर सरकणाऱ्या गाडीत प्लेट तापते, तिच्या शेजारचा सिलिंडर तापतो, आणि जुन्या, ओल्या द्रवात वाफेचे बुडबुडे धरू शकतात. संध्याकाळी जाममध्ये पेडल मऊ आणि सकाळी गार गाडीत ठणठणीत, अशी तक्रार असेल तर पहिला खर्च द्रव बदलण्याचा करावा, सिलिंडरचा नव्हे. बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी तो बदलायला सांगितलेला असतो. मालक इंजिन ऑइलचं स्टिकर जपून ठेवतात आणि हे विसरतात.

त्या शेडमध्ये वरच्या सिलिंडरला नुसतं नव्या रबरांचं किट घालायचं की सिलिंडरच नवा, यावर थोडी चर्चा झाली. वस्तादांनी दट्ट्या काढून बोअर उजेडात धरला. आत लांबीच्या दिशेने केसासारखा एक ओरखडा होता. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ज्यांनी बोअर होनिंग करताना पाहिलं आहे त्यांना सांगायला नको, की तिथे गणित मायक्रॉनचं असतं. नवा रबरी कप त्या ओरखड्यावर आठवडाभरात झिजला असता. सिलिंडर नवाच बसला, आणि मला तेच पटलं.

मग एअर काढायचं काम. वस्ताद गाडीखाली, पोरगा सीटवर. खालच्या सिलिंडरच्या हवा काढायच्या निपलवर रिंग पाना, निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या द्रवात बुडवलेलं.

"दाब."

"दाबला, वस्ताद."

"धरून ठेव. सोडू नको."

पाना पाव फेरा फिरला. नळीतून काळपट द्रव आणि त्यामागे बुडबुड्यांची रांग आली. पाना परत आवळला गेला, आणि मगच "सोड". हा क्रम चुकला, निपल उघडा असताना पाय वर आला, तर नळी हवा ओढून घेते आणि सगळं काम पहिल्यापासून. मधेमधे टाकीत भर घालावी लागते. टाकी तळाला गेली तरी तोच प्रकार.

हे इतक्या वेळा का करावं लागतं? नळीचा आतला व्यास ४ मिलिमीटर धरला तर ६ मिलिलिटर द्रव तिच्यात जवळजवळ अर्धा मीटर पुढे सरकतो. म्हणजे दोन मीटरच्या नळीतली हवा चार-पाच दाबांत बाहेर पडायला हवी. पडत नाही, कारण आपण तिला खाली ढकलतो आणि तिला वर जायचं असतं. दोन दाबांच्या मधल्या वेळात बुडबुडा नळीच्या उंचवट्यावर परत जाऊन बसतो. काही गाड्यांत हा हट्ट इतका, की अनुभवी लोक उलटा मार्ग धरतात: मोठ्या सिरिंजने खालच्या निपलमधून द्रव वर चढवायचा. हवेला जायचं तिकडेच तिला जाऊ द्यायचं. टाकीत बुडबुडे फुटताना दिसतात. सांडलेला द्रव मात्र लगेच पाण्याने धुवायचा, तो गाडीचा रंग खातो.

हे सगळं खालचा सिलिंडर बाहेर असेल तर. अलीकडच्या अनेक गाड्यांत तो बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती कड्यासारखा बसवलेला असतो आणि पाकळ्या दाबणारं रिलीज बेअरिंग त्यालाच जोडलेलं. फोर्क नाही, दांडा नाही, सुटसुटीत रचना. पण तो गळू लागला की हाउसिंगच्या तळातून थेंब पडतात आणि आख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. एवढी मजुरी देऊन जुनी क्लच प्लेट परत चढवणं मला तरी व्यवहाराचं वाटत नाही. मेकॅनिक सगळा सेट बदलायला सांगतो तेव्हा दर वेळी तो लुबाडतच असतो असं नाही.

नवीन सेट पडल्यावर टाकीतली पातळी थोडी खाली गेलेली दिसली, तर घाबरू नका. बहुतेक गाड्यांत क्लच प्लेट झिजते तशा डायफ्रामच्या पाकळ्या मागे सरकतात, खालचा दट्ट्या आणखी आत ढकलतात आणि तेवढा द्रव वर टाकीत परत जातो. हायड्रॉलिक क्लचला केबलसारखी ॲडजस्टमेंट लागत नाही ती यामुळेच. ब्रेक झिजले की पातळी उतरते, क्लच झिजला की चढते, आणि बऱ्याच गाड्यांत दोघांची टाकी एकच. म्हणून झिजलेल्या पॅडवर टाकी काठोकाठ भरून ठेवू नये. नवे पॅड बसवताना दट्टे मागे ढकलले जातात आणि तो सगळा वाढीव द्रव झाकणातून बाहेर, थेट रंगावर येतो.